महापालिकेत सत्ता नेमकी कधी बदलते? शहरात नव्याने आलेल्यांसाठी वाटाड्या

भिवंडी महापालिकेत ९० नगरसेवक. २०१७ च्या निवडणुकीत त्यातले ४७ काँग्रेसचे निवडून आले, म्हणजे कुणाची मदत न घेता बहुमत. डिसेंबर २०१९ मध्ये महापौरपदाची निवडणूक झाली आणि महापौर झाल्या कोणार्क विकास आघाडीच्या प्रतिभा पाटील. त्यांच्या आघाडीचे नगरसेवक होते चार. काँग्रेसचे १८ जण त्यांच्या बाजूने गेले आणि ४९ विरुद्ध ४१ मतांनी सत्ता फिरली. मतदाराला यात कुणी काही विचारलं नव्हतं.

नोकरीसाठी किंवा शिकायला शहरात आलेले बरेच जण निकालाच्या दिवशी टीव्हीवर रंगीत तक्ते पाहतात, कुणाची सत्ता आली ते कळतं आणि विषय संपतो. खरा खेळ त्यानंतरच्या महिनाभरात होतो आणि पुढची पाच वर्षं चालू राहतो. तो कसा पाहायचा आणि त्यात आपला काय संबंध, हे इथे क्रमाने सांगतो. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत. त्यात पिंपरी-चिंचवड जास्त येईल, कारण ते शहर मला जवळचं. नियम सांगतोय ते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चे. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे तिथे काही गोष्टी वेगळ्या.

पहिली पायरी: नाव कुठल्या यादीत आहे ते पाहा

महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. लोकसभा-विधानसभा घेणारा भारत निवडणूक आयोग वेगळा. गंमत अशी की राज्य आयोग स्वतः मतदार नोंदणी करत नाही. विधानसभेची यादी घ्यायची, ती प्रभागांप्रमाणे फोडायची, त्यावर हरकती मागवायच्या आणि तीच वापरायची, अशी पद्धत. म्हणून महापालिकेसाठी वेगळा अर्ज शोधत बसू नका. पहिल्यांदाच नाव नोंदवायचं असेल तर नमुना ६, दुसऱ्या गावाहून किंवा मतदारसंघातून पत्ता बदलून आणायचा असेल तर नमुना ८. दोन्ही ऑनलाइन भरता येतात.

इथे एक अडचण हमखास येते. राज्य आयोग एक तारीख ठरवतो आणि त्या तारखेला असलेली विधानसभेची यादी ग्राह्य धरतो. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांसाठी ती तारीख होती १ जुलै २०२५. म्हणजे दिवाळीत जाग येऊन ज्यांनी अर्ज केला, त्यांचं नाव विधानसभेच्या यादीत आलं तरी महापालिकेच्या यादीत नाही. प्रचाराचे भोंगे वाजायला लागल्यावर नाव नोंदवून काही उपयोग नसतो. निवडणूक नसलेल्या वर्षातच हे काम उरकून घ्यावं.

गावाकडचं नाव ठेवायचं की इथलं, हा प्रश्न घरोघरी असतो. गावात सरपंचाच्या निवडणुकीला एकेक मत मोलाचं, भावकी नाव काढू देत नाही. पण दोन्हीकडे नाव ठेवणं कायद्यात बसत नाही, तेव्हा एक ठरवावं लागतं. माझं मत विचाराल तर जिथला कचरा तुमच्या दारातून उचलला जातो, तिथे नाव असावं.

आणि मतदान केंद्र पुन्हा तपासा. विधानसभेला ज्या शाळेत गेला होतात तीच शाळा महापालिकेला असेल असं नाही. मतदार ओळखपत्र नसेल तर आयोगाने मान्य केलेला दुसरा फोटो ओळखपुरावा चालतो. यादीत नाव नसेल तर मात्र कुठलंच ओळखपत्र चालत नाही.

दुसरी पायरी: आपला प्रभाग आणि त्यातले चार नगरसेवक

मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक, एकूण २२७. इतर महापालिकांत बहुतेक प्रभाग चार जणांचे. पिंपरी-चिंचवडमध्ये ३२ प्रभाग आणि १२८ नगरसेवक. पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक, कारण तिथला एक प्रभाग पाच जणांचा आहे. या चार जागांना अ, ब, क, ड म्हणतात. प्रत्येक जागेला वेगळं आरक्षण असू शकतं: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, सर्वसाधारण. शिवाय एकूण जागांतल्या निम्म्या महिलांसाठी.

मतदान करताना त्यामुळे एक बटण दाबून बाहेर पडायचं नसतं. यंत्रावर चारही जागांच्या उमेदवारांच्या याद्या वेगवेगळ्या रंगांत असतात आणि प्रत्येक जागेसाठी एक बटण दाबायचं असतं. एखाद्या जागेवर कुणीच पसंत नसेल तर त्या जागेचा 'वरीलपैकी कोणीही नाही' दाबा. चारही झाल्यावर शिट्टी वाजते. कागदी चिठ्ठी दाखवणारं यंत्र या निवडणुकीत नसतं, ते शोधू नका.

पक्षांना ही चारची पद्धत आवडते, कारण एक वजनदार उमेदवार बाकीच्या तिघांना ओढून नेतो. 'पॅनेल टू पॅनेल' मतदान करा, असं कार्यकर्ते सांगतात ते यासाठीच. तुमच्यावर तसं कुठलंही बंधन नाही. अ जागेला एका पक्षाचा, क जागेला दुसऱ्या पक्षाचा उमेदवार निवडता येतो. निवडणूक झाल्यावर मात्र या पद्धतीचा ताप असा होतो की ड्रेनेज तुंबलं की चौघांपैकी प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. यावर लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे चौघांचा एकच व्हॉट्सॲप ग्रुप करून त्यातच फोटो टाकायचा.

तिसरी पायरी: उमेदवार

यावर फार बोलण्यासारखं नाही. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र जाहीर केलेलं असतं. मालमत्ता, गुन्हे, शिक्षण एवढं पाच मिनिटांत वाचून होतं, तेवढं वाचा. एक शब्द कानावर पडेल: एबी फॉर्म. पक्षाने अधिकृत उमेदवारी दिल्याचा तो कागद. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी शहराध्यक्षांच्या घराबाहेर जी पळापळ चालते ती या कागदासाठी. ज्याला मिळत नाही तो अपक्ष उभा राहतो किंवा त्याच संध्याकाळी दुसऱ्या पक्षात जातो. उमेदवार कुठून आला हे या टप्प्यावर लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

पिंपरी-चिंचवडचंच बघा. २०१२ मध्ये १२८ पैकी राष्ट्रवादीचे ८३ आणि भाजपचे तीन. २०१७ मध्ये भाजपचे ७७ आणि राष्ट्रवादीचे ३६. अजित पवारांचा बालेकिल्ला म्हणून ज्या शहराची ओळख, तिथे एका निवडणुकीत तीनचे ७७ कसे झाले? केंद्रात आणि राज्यात आलेली लाट हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगताप आणि भोसरीचे आमदार महेश लांडगे हे दोघे भाजपमध्ये आले होते आणि त्यांच्यामागे स्थानिक कार्यकर्त्यांची सगळी उतरंड आली होती. प्रभागातली यंत्रणा बरीचशी तीच राहिली, तिच्यावरचा झेंडा बदलला. तेव्हा सत्तापालट झाला असं वाचलं की पहिला प्रश्न विचारावा: माणसं बदलली की पक्ष बदलला?

चौथी पायरी: निकालाच्या दिवशी बेरीज करा

एकूण जागांच्या निम्म्याहून जास्त, हा बहुमताचा आकडा. १२८ ला ६५, १६५ ला ८३, २२७ ला ११४. जानेवारी २०२६ मध्ये मुंबईत भाजपला ८९, उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला ६५ आणि एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेला २९ जागा मिळाल्या. सर्वांत मोठा पक्ष भाजप, पण एकट्याने ११४ गाठत नाही. २९ मिळवले की ११८ होतात. अशा वेळी २९ वाल्यांची किंमत त्यांच्या संख्येपेक्षा कितीतरी वाढते. निकालानंतर नगरसेवकांना हॉटेलात का नेऊन ठेवतात, ते या बेरजेतून कळतं.

सर्वांत मोठा पक्ष म्हणजे सत्ताधारी, हे गृहीत धरू नका. अहमदनगरमध्ये (आता अहिल्यानगर) डिसेंबर २०१८ च्या निवडणुकीत ६८ पैकी शिवसेनेला २४, राष्ट्रवादीला १८ आणि भाजपला १४ जागा मिळाल्या. महापौर झाले तिसऱ्या क्रमांकाच्या भाजपचे बाबासाहेब वाकळे, आणि तेही राष्ट्रवादीच्या नगरसेवकांच्या पाठिंब्यावर. राज्यात हे दोन पक्ष तेव्हा समोरासमोर उभे होते. राष्ट्रवादीने नंतर त्या १८ जणांना पक्षातून काढलं, पण महापौर झाला तो झालाच.

मुंबईत २०१७ ला याहून वेगळं घडलं. शिवसेना ८४, भाजप ८२. दोघे वेगवेगळे लढले होते, राज्यात मात्र एकत्र सत्तेत होते. आठवडाभर अंदाज चालले, आणि मग भाजपने महापौरपदाची निवडणूकच लढवायची नाही असं जाहीर केलं. आम्ही पहारेकरी राहू, अशी भूमिका घेतली. शिवसेनेचे विश्वनाथ महाडेश्वर १७१ मतं घेऊन महापौर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मनसेच्या सातपैकी सहा नगरसेवकांनी शिवसेनेत प्रवेश केला आणि दोन जागांचं अंतर एका दिवसात वाढलं.

पाचवी पायरी: गटनोंदणी

ही बातमी आतल्या पानावर छोटीशी येते आणि बहुतेक जण वाचत नाहीत. नवीन माणसाने नेमकी तीच वाचावी. निकाल राजपत्रात आले की पक्ष आणि आघाड्या आपापल्या नगरसेवकांचा गट विभागीय आयुक्तांकडे नोंदवतात. आघाडी करायला निकालाच्या अधिसूचनेपासून एक महिना मिळतो. गटाचा एक गटनेता ठरतो. पुढे पक्षादेश, म्हणजे व्हीप, तोच बजावतो.

अपक्ष एकत्र येऊन गट का करतात? यात तत्त्व वगैरे काही नसतं, साधं गणित असतं. पैशांच्या मंजुऱ्या देते ती स्थायी समिती. मुंबई सोडून इतर महापालिकांत तिचे सदस्य १६. ते पक्षांच्या तौलनिक संख्याबळाप्रमाणे नेमले जातात. पिंपरी-चिंचवडचे २०१७ चे आकडे घ्या. भाजप: ७७ भागिले १२८ गुणिले १६, म्हणजे ९.६, म्हणजे दहा जागा. राष्ट्रवादी: ३६ चे ४.५. शिवसेना: नऊचे १.१. आता पाच अपक्ष होते. एकेकटा अपक्ष म्हणजे ०.१२, त्याला काही मिळत नाही. पाच जणांचा गट झाला की ०.६ होतात आणि स्थायीत एका जागेवर दावा सांगता येतो. म्हणूनच निवडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी अपक्षांचे फोन बंद लागतात.

स्वीकृत नगरसेवक, म्हणजे लोकांनी न निवडलेले, नेमलेले नगरसेवक, याच हिशेबाने येतात. कायद्याला त्यांच्याकडून अनुभवी, जाणकार माणसाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तिकीट न मिळालेल्यांची किंवा पडलेल्यांची सोय तिथे लावली जाते. त्यांना सभागृहात बोलता येतं, मत देता येत नाही. बहुमताच्या बेरजेत त्यांना धरू नका.

सहावी पायरी: महापौर

महापौर थेट लोकांमधून निवडला जात नाही, नगरसेवक आपल्यातून निवडतात. मुदत अडीच वर्षांची. पद कुठल्या प्रवर्गासाठी राखीव, याची सोडत मंत्रालयात नगरविकास विभाग काढतो. तोपर्यंत बॅनरवरच्या 'भावी महापौर' या शब्दांना अर्थ नसतो. एखाद्या पक्षाकडे बहुमत आहे पण सोडतीत निघालेल्या प्रवर्गातला नगरसेवकच नाही, असा पेच पडू शकतो. म्हणून निकाल पाहताना जिंकलेल्यांचे प्रवर्गही पाहून ठेवावेत.

मतदान हात वर करून होतं, गुप्त नसतं. कुणी कुणाला मत दिलं हे नोंदलं जातं. आणि उपस्थितांमधून ज्याला जास्त मतं तो निवडून येतो, म्हणून गैरहजर राहणं हेही इथे एक प्रकारचं मतदानच आहे. सांगलीत हे घडलेलं आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत २०१८ ला ७८ पैकी ४१ जागा जिंकून भाजप सत्तेत आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये महापौर बदलायची वेळ आली तेव्हा भाजपच्या गोटातले काही जण फुटले, काही आलेच नाहीत, आणि राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी ३९ विरुद्ध ३६ मतांनी महापौर झाले. पुढच्याच महिन्यात जळगाव. तिथे भाजपचे ७५ पैकी ५७ नगरसेवक होते. त्यातले २७ शिवसेनेबरोबर गेले. शिवसेनेचे १५, एमआयएमचे तीन आणि हे २७ मिळून ४५. भाजपकडे उरले ३०. जयश्री महाजन महापौर झाल्या.

मग पक्षांतरबंदीचं काय? नगरसेवकांसाठी १९८६ चा वेगळा राज्य कायदा आहे. पक्षादेश मोडला तर अपात्रतेची तक्रार करता येते आणि महापालिकेच्या बाबतीत ती विभागीय आयुक्तांपुढे चालते. पण तक्रार, सुनावणी, तारखा, मग कोर्ट, यात वेळ जातो आणि इकडे महापौर अडीच वर्षांची मुदत उपभोगत असतो. फुटणाऱ्यांना हे गणित पक्कं ठाऊक असतं.

नाशिकची गोष्ट थोडी निराळी. २०१२ ला मनसेने १२२ पैकी ४० जागा जिंकल्या आणि भाजपच्या मदतीने आपला महापौर केला. अडीच वर्षांनी पुन्हा महापौर मनसेचाच झाला, पण या वेळी मदत काँग्रेस आणि राष्ट्रवादीची. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदललं नाही असं वाटेल. आत मात्र भागीदार बदललेला होता. २०१७ ला मनसेचे पाच निवडून आले.

सातवी पायरी: महापौराकडे पाहू नका, स्थायीकडे पाहा

लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. महापौराच्या गळ्यात हार असतो, गाडीवर दिवा असायचा, सभा तो चालवतो. पैशांचा अधिकार स्थायी समितीकडे. ठरावीक रकमेपुढचा कुठलाही ठेका स्थायीच्या मंजुरीशिवाय देता येत नाही. महापालिका आयुक्त अंदाजपत्रक मांडतात ते स्थायीपुढे. स्थायी त्यात फेरफार करून ते सर्वसाधारण सभेकडे, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेकडे, पाठवते. करांचे दर सर्वसाधारण सभेला २० फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात. म्हणजे निवडणूक जानेवारीत झाली तर नवे सत्ताधारी खुर्चीत बसेपर्यंत पहिलं अंदाजपत्रक दारात उभं असतं.

स्थायीचे निम्मे सदस्य दर वर्षी निवृत्त होतात आणि अध्यक्षाची निवड दर वर्षी होते. पहिल्या वर्षी कोण निवृत्त व्हायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. पक्षाकडे इच्छुक भरपूर आणि जागा मोजक्या, म्हणून काही ठिकाणी पक्ष आपल्या सदस्यांकडून वर्षभराचाच शब्द घेतात आणि राजीनामा आधीच लिहून ठेवतात. सत्ता कुणाची हे तपासायचं असेल तर स्थायीत नऊ जण कुणाचे ते मोजा. बहुमतातला पक्ष फुटतोय का, याचा पहिला सुगावाही इथेच लागतो: अध्यक्षपदासाठी एकाच पक्षातून दोघांनी अर्ज भरले की समजायचं.

स्थायीची विषयपत्रिका वाचायची सवय लावून घ्या. भाषा कंटाळवाणी असते, पण चार शब्द कळले की वाट सापडते. 'तहकूब' म्हणजे विषय पुढे ढकलला. अनेकदा त्याचा खरा अर्थ, अजून बोलणी व्हायची आहेत. 'दप्तरी दाखल' म्हणजे विषय बासनात. 'वर्गीकरण' म्हणजे एका कामासाठी राखलेले पैसे दुसऱ्याकडे वळवणं. अंदाजपत्रकात तुमच्या उद्यानासाठी तरतूद होती आणि वर्षअखेर उद्यान नाही, तर वर्गीकरणाचे ठराव शोधा. चौथा शब्द 'ऐनवेळचे विषय'. पत्रिकेत नसलेले, सभेत आयत्या वेळी आलेले. महत्त्वाचे विषय कधीकधी याच दारातून आत येतात.

सर्वसाधारण सभेबद्दल एवढंच: तिथे भाषणं जोरदार होतात आणि एखाद्या दिवंगत नेत्याला श्रद्धांजली वाहून सभा तहकूब करण्याची जुनी रीत आहे. सभा पाहायला गेलात आणि दहा मिनिटांत संपली, तर आश्चर्य नको.

आठवी पायरी: आयुक्त आणि मंत्रालय

इतकं करून सत्ता बदलली, तरी प्रशासन चालवतात ते आयुक्त, आणि त्यांना नेमतं राज्य सरकार. एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश जणांनी ठराव केला तर आयुक्तांना परत बोलवावं, अशी तरतूद कायद्यात आहे. नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास ठराव १०४ विरुद्ध सहा मतांनी मंजूर झाला. तरी सरकारने त्यांना लगेच हलवलं नाही. ते गेले पुढच्या वर्षी. महापालिकेचा ठराव निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करण्याचा अधिकारही सरकारकडे आहे. तेव्हा महापालिकेत एक पक्ष आणि मंत्रालयात त्याचा विरोधक अशी जोडी असेल, तर सभागृहात मंजूर झालेला विषय प्रत्यक्षात येईलच असं धरून चालू नये.

पिंपरी-चिंचवडमध्ये २०१७ च्या प्रचारात शास्तीकर गाजला. अनधिकृत बांधकामांवर मिळकतकराच्या दुप्पट लावलेला हा दंड हजारो घरमालकांच्या डोक्यावर होता. प्रत्येक पक्ष तो घालवू म्हणत होता. तो कमी झाला, मग २०२३ मध्ये पूर्ण माफ झाला, पण निर्णय राज्य सरकारचा. नगरसेवकाच्या हातात पाठपुराव्यापलीकडे फारसं काही नव्हतं.

पाण्याचंही तसंच. पवना धरणातून थेट शहरात बंद जलवाहिनी आणायची योजना होती. ऑगस्ट २०११ मध्ये त्याविरुद्ध आंदोलन करणाऱ्या मावळातल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, तिघांचा जीव गेला आणि काम थांबलं. तेव्हा शहरात राष्ट्रवादी होती. २०१७ ला भाजप आला. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहराला दिवसाआड पाणी सुरू झालं. मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आला, पाणी दिवसाआडच. सत्ता बदलल्याने पाणी वाढतं का, या प्रश्नाचं उत्तर यातून काढता येईल. धरणातला कोटा, जलवाहिनीची परवानगी, भूसंपादन हे मुद्दे सभागृहाच्या बाहेरचे आहेत. कुठल्या भागाला किती वेळ पाणी सोडायचं, गळती शोधायला पैसे ठेवायचे की नाही, नव्या टाकीचा ठेका कुणाला द्यायचा, हे मुद्दे आतले. उमेदवाराला प्रश्न विचारताना आतल्यातलेच विचारा. बाहेरच्यांवर तो आश्वासन देऊन मोकळा होतो.

नगरसेवक नसले तर काय होतं, हेही शहरांनी पाहिलं आहे. मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवडसह अनेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात अडकले, मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं आणि अखेर १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांसाठी मतदान झालं. मधल्या काळात स्थायी आणि सर्वसाधारण सभा या दोन्हींचे अधिकार एकट्या प्रशासकाकडे होते. फायली भराभर हलल्या असं काही जण म्हणतात. असेल. पण आक्षेप घ्यायला, विषय तहकूब ठेवायला, सभेत माईक हिसकावून बोलायला समोर कुणी नव्हतं. विरोधी पक्षनेता नसलेली महापालिका मला तरी मानवत नाही.

नववी पायरी: आपलं काम कुठे करून घ्यायचं

तक्रार घेऊन थेट मुख्य इमारतीत जाऊ नका. पिंपरी-चिंचवडमध्ये अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह अशी आठ क्षेत्रीय कार्यालयं आहेत, पुण्यात पंधरा. खड्डा, गटार, कचरा, दिवाबत्ती हे विषय तिथले. प्रत्येक भागाची प्रभाग समिती असते, त्यात त्या भागातले नगरसेवक बसतात आणि अध्यक्ष दर वर्षी बदलतो. सत्तेच्या गणितात या अध्यक्षपदाला कुणी विचारत नाही, पण तुमच्या गल्लीच्या दृष्टीने ती समिती महापौरापेक्षा जवळची आहे.

तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि प्रत चौघाही नगरसेवकांना द्या. विरोधी पक्षाचा एखादा त्यात असेल तर त्याला आवर्जून. सत्तेतला नगरसेवक अधिकाऱ्याला फोन करून काम करून घेतो. विरोधातला तोच विषय सभागृहात मांडतो आणि त्याची नोंद राहते. दोन्ही लागतं. अंदाजपत्रकात काही घालून घ्यायचं असेल तर डिसेंबरच्या आत नगरसेवकाकडे आणि क्षेत्रीय कार्यालयाकडे मागणी पोचलेली हवी. फेब्रुवारीत गेलात तर पुढच्या वर्षी या म्हणतील.

आणि महापौरनिवडीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. तिच्यात अडीच वर्षं मिळवून दुसरी तारीखही टाका. त्याच्या महिनाभर आधीपासून गटनेत्यांच्या बैठका, नाराजांची नावं आणि नगरसेवकांच्या सहलीच्या बातम्या छोट्या अक्षरांत यायला लागतील. त्या दिवसांत तुमच्या प्रभागातल्या चौघांपैकी कोण कुठे आहे, याची विचारपूस करायला हरकत नाही. कुणी सलग आठवडाभर फोन उचलत नसेल तर तो बहुतेक शहरात नाही.